हॅमॉकमध्ये सकाळी ओल येते कुठून, आणि तिचं करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाऊस नसलेल्या, चांदण्या रात्री हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना टांगलेल्या झोळीत, झोपलं तरी पहाटे टार्प (वर ताणलेलं जलरोधक छत) आतून ओला, टॉपक्विल्टवर (अंगावरच्या दुलईवर) थेंब, अंडरक्विल्टचा (हॅमॉकखाली बांधलेल्या दुलईचा) तळ दमट. पावसात टार्प खाली ओढून दोन्ही टोकांची दारं (टार्पच्या कापडाच्या झडपा) लावली की हे आणखी वाढतं, शिवाय तोंडावर बारीक तुषार येतात. टार्प गळतोय का? हवा खेळू देणाऱ्या, ‘ब्रीदेबल’ कापडाचा टार्प घ्यावा का?

टार्प बहुधा गळत नाही. नवा घेतलात तरी पहिल्याच निरभ्र रात्री तोही आतून भिजेल. तुम्ही ज्याला सरसकट कंडेन्सेशन (थंड पृष्ठभागावर वाफेचं पाणी होणं) म्हणताय ते निदान तीन वाटांनी आलेलं पाणी आहे, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. ओल पूर्ण थांबवण्याच्या नादाला लागू नका, ते जमत नाही. ती कुठे बसू द्यायची हे मात्र आपल्या हातात असतं. टार्पवर बसली तर फडक्याने पुसता येते. पिसांच्या क्विल्टमध्ये शिरली तर पुढची रात्र थंडीत जाते.

आधी हिशेब. झोपेत, घाम आल्याचं जाणवतही नसताना, माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो. निम्मं तोंडा-नाकातून, निम्मं अंगातून. हे सगळं वाफेच्या रूपात असतं आणि वाफ असेपर्यंत त्याचा त्रास नसतो. पण हवा थंड झाली की तिच्यात बाष्प कमी मावतं. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प राहतं, १० अंशांना साडेनऊच्या आत, शून्याला पाचपेक्षाही कमी. ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी व्हायला लागतं तो दवबिंदू. हवामानाच्या अंदाजात तो दिलेला असतो, पण कॅम्पिंग करणारे बहुतेक जण फक्त किमान तापमान बघतात. अंदाजातलं पहाटेचं तापमान दवबिंदूच्या दोन-तीन अंशांत येत असेल तर टार्प भिजणार असं धरूनच बांधणी करा.

आता चांदण्या रात्रीचं कोडं. १८१४ साली लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने दवावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकरीचे पुंजके वजन करून तो रात्री उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पुन्हा तोलायचा. जमिनीपासून उंच उचललेल्या फळीच्या वर एक आणि खाली एक असे पुंजके ठेवले, तर वरच्याने भरपूर दव धरलं, खालच्याने पुष्कळ कमी. दव वरून पडत नाही. आकाशाकडे उघडी असलेली वस्तू आपली उष्णता तिकडे सोडते, आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं. फळीच्या जागी टार्प धरा. फरक एवढाच की फळी जाड असते आणि टार्पचं कापड इतकं पातळ की वरची बाजू निवली की आतलीही तितकीच निवते. म्हणून तो दोन्हीकडून भिजतो, आणि आतलं पाणी सगळं तुमच्या श्वासाचं नसतं. टार्पखाली कोणी झोपलेलं नसलं तरी तो भिजतोच; एखाद्या रात्री रिकामा ताणून बघा.

त्यामुळे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे जागा. डोक्यावर दाट फांद्या असतील तर टार्पला थंड आकाशाऐवजी पानं दिसतात. ती साधारण हवेच्याच तापमानाची असल्याने टार्प फारसा निवत नाही. हॅमॉकवाल्यांना झाडं लागतातच, तरी आपण हटकून मोकळवनाच्या कडेची दोन झाडं धरतो, कारण तिथून देखावा चांगला दिसतो. चार पावलं आत सरका. दुसरी गोष्ट म्हणजे उतार. रात्री थंड हवा जड होऊन खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी, खोलगट कुरणात साठते. पाणी जवळ असल्यामुळे तिथे बाष्पही जास्त. त्याच उतारावर थोडं वर चढलात तर हवा ऊबदार आणि कोरडी सापडते. जमिनीवर झोपणाऱ्याला सपाट जागा शोधत खाली यावं लागतं, आपल्याला नाही. हा फायदा घ्या. मात्र झाड बघताना वरच्या वाळक्या फांद्याही बघा. दाट छत्राच्या मोहात मेलेल्या फांदीखाली टांगू नये.

मग येतो वारा. हॅमॉकवाले वाऱ्याला फार भितात. थंडी टाळण्यासाठी टार्प चारी बाजूंनी जमिनीला टेकवायचा, दारं लावायची आणि आत एक दमट खोली करून टाकायची, हा नेहमीचा प्रकार. झुळूक नकोशी वाटली तरी तीच तुमची वाफ घेऊन जाते. वादळ नसेल तर वाऱ्याकडची बाजू खाली घ्या, दुसरी बाजू उचलून ठेवा आणि वाऱ्याकडच्या कडेखालीही वीतभर फट सोडा. दमट हवा गरम असल्याने वर जाऊन रिजलाइनखाली (टार्पच्या मधल्या, सगळ्यात उंच दोरीखाली) साठते, म्हणून तिला बाहेर पडायची वाट वरच्या टोकाशी हवी. दारं लावावीच लागली तर वाऱ्याच्या विरुद्ध टोकाची दारं खाली जवळ आणा, पण शिखराशी तळहात जाईल एवढं उघडं ठेवा. दार खाली उघडं आणि वर बंद ठेवलं तर पाय गारठतात आणि वाफ आतच राहते.

टार्पच्या बाजूंचा उतारही महत्त्वाचा. आडव्या, पसरट बांधणीत आतला थेंब मोठा झाला की जागेवरून सुटतो आणि खाली तुमच्यावर पडतो. बाजू तीव्र उतरत्या ठेवल्या आणि कापड नीट ताणलं तर तोच थेंब कापडावरूनच कडेपर्यंत घसरत जातो. सिलनायलॉन (सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन) पाणी पिऊन सैलावतं. संध्याकाळी टणक ताणलेला टार्प मध्यरात्री पोट सोडतो, आणि ते पोट नेमकं क्विल्टला टेकतं. झोपण्यापूर्वी एकदा पुन्हा ताणा किंवा दोरांमध्ये लवचीक इलॅस्टिकचा तुकडा घाला. पॉलिएस्टर यात बरं. पण सिलनायलॉन, सिलपॉली (तसाच लेप दिलेलं पॉलिएस्टर) की डायनीमा (फार हलकं, मजबूत कापड), यातलं कुठलंच आतून कोरडं राहत नाही, तेव्हा निव्वळ कंडेन्सेशनसाठी टार्प बदलू नका.

ब्रीदेबल टार्पबद्दलही इथेच सांगून टाकतो. तसल्या पडद्यातून वाफ बाहेर जायला आत बाहेरपेक्षा बाष्पाचा दाब पुरेसा जास्त लागतो. जॅकेटमध्ये तो असतो, कारण आत तापलेलं अंग कापडाला चिकटून असतं. दोन्ही टोकांनी उघड्या टार्पखालची हवा आणि बाहेरची हवा जवळपास सारखीच. वाफेने कापडातून जायचं कशासाठी? त्यात कापड ओलं झालं की उरलीसुरली देवाणघेवाणही बंद. वजन आणि पैसे मात्र जातात.

पावसातले ते तुषार. याला लोक हमखास गळती समजतात. पावसाळी रात्री हवा आधीच बाष्पाने तुडुंब असते, टार्पच्या आत बारीक थेंबांचा थर धरलेला असतो, आणि बाहेरून टपोरे थेंब आपटले की त्या हादऱ्याने आतले कण सुटून खाली उडतात. ओळखायचं कसं? पाऊस सुरू असताना टॉर्च लावून आतली बाजू एकदा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तुषार लगेच थांबले आणि अर्ध्या-एक तासाने पुन्हा सुरू झाले तर ते कंडेन्सेशन. पुसल्याबरोबर एखाद्या शिवणीशी किंवा ठरावीक ठिपक्याशी थेंब पुन्हा उगवला तर गळती. तिथे सीम सीलर, म्हणजे शिवणी बुजवायचा लेप, लावायचा. या तुषारांपुरता इलाज म्हणजे टार्प थोडा उंच घेणं आणि हॅमॉकवर मच्छरदाणी किंवा पातळ ब्रीदेबल कव्हर ओढणं. जाळी कण पकडते. सकाळी ती ओली असेल, असू द्या.

आता अंडरक्विल्टचा तळ. इथे मला आधी दोरीवर संशय येतो. पाऊस किंवा दाट धुकं असेल तर झाडावरून पाणी हॅमॉक टांगायच्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून दोरीवर, तिथून हॅमॉकच्या चुण्या पडलेल्या टोकात उतरतं आणि कापडातून झिरपत सगळ्यात खोल जागी, म्हणजे तुमच्या बुडाखाली जमतं. रात्री हात बाहेर काढून टार्पच्या कडेच्या आत दोरीवरून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर क्विल्टचा काही दोष नाही. टार्पच्या आत, पण हॅमॉकच्या टोकापासून चार-सहा बोटं अलीकडे, दोरीला सुती नाडीचा तुकडा घट्ट बांधा आणि त्याचं वीतभर शेपूट खाली लोंबू द्या. पाणी शेपटावरून ठिबकून जातं. तुमच्या जोडणीत लोखंडी कडी किंवा कॅराबिनर असेल तर धार तिथेही बरीच तुटते, पण माझा भरवसा नाडीवर जास्त. दोन्ही टोकांना बांधा. एकाच बाजूला बांधून निश्चिंत झालेले लोक पाहिले आहेत.

बोट कोरडं राहिलं तर पुढे बघा. अंडरक्विल्टखाली पाणी न सोडणारं कव्हर लावलंय का? वारा आणि उडणारे शिंतोडे अडवायला लोक सिलनायलॉनचं प्रोटेक्टर लावतात, आणि अंगातून निघून पिसांतून खाली आलेली वाफ तिथे थंड कापडावर अडकते. सकाळी प्रोटेक्टरच्या आत अक्षरशः डबकं सापडतं. प्रोटेक्टर हवाच असेल तर वाफ जाऊ देणाऱ्या पातळ नायलॉनचा घ्या आणि क्विल्टला चिकटू न देता दोन बोटं खाली लोंबता ठेवा. प्रोटेक्टर नाही, दोरी कोरडी, तरी ओल आहे? मग ती कुठे आहे ते हाताने चाचपा. फक्त डोक्याच्या नि पायाच्या टोकाला असेल तर टार्प आखूड पडतोय आणि ती टोकं आकाशाकडे उघडी आहेत. कडेच्या बाजूंना असेल तर टार्प फार उंच, फार सपाट आहे. अंडरक्विल्टच्या तळाला खाली जमीन दिसते, आकाश नाही, आणि जमीन रात्री तुलनेने ऊबदार राहते. म्हणून नुसत्या दवाने तळ सहसा भिजत नाही. भिजला तर दोरी, कव्हर किंवा वाहतं धुकं, या तिघांपैकी कोणीतरी आहे.

अंडरक्विल्टऐवजी फोमची मॅट वापरणाऱ्यांची तक्रार निराळी असते: पाठ ओली. ते कंडेन्सेशनपेक्षा घाम आहे. मॅटमधून वाफ जातच नाही, ती तुमच्या नि मॅटच्या मध्ये कोंडते. दोन थरांचं हॅमॉक असेल तर मॅट थरांच्या मध्ये सारा आणि अंगात पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक थर ठेवा. पूर्ण सुटका होत नाही.

टॉपक्विल्टवर गळ्याशी ओल असते ती तुमच्या तोंडाची. थंडी वाजली की माणूस क्विल्ट नाकावर ओढतो आणि उच्छ्वास सरळ पिसांत सोडतो. उच्छ्वासाची हवा तिशीच्या वरच्या अंशांची आणि जवळपास संपृक्त. तिच्यासमोर पिसं कितीही भारी असली तरी काठावर गोळे होतातच. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेली पिसंही भिजायला फक्त उशीर लावतात. डोकं वेगळं झाका: कानटोपी किंवा बालाक्लाव्हा (डोकं नि मान झाकणारी टोपी), क्विल्ट गळ्याभोवती आवळून हनुवटीच्या खाली, तोंड बाहेर. थंडी कडक असेल तर हनुवटीखाली क्विल्टच्या वर फ्लीसचा हातरुमालाएवढा तुकडा पसरा. श्वासाचं पाणी किंवा बर्फ त्या तुकड्यावर बसतं, सकाळी झटकलं की झालं. वीस-तीस ग्रॅम वजनाचा हा तुकडा मला महागड्या कव्हरांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

हॅमॉकभोवती पूर्ण पिशवीसारखं घालायचं ‘सॉक’ वापरत असाल तर तोंडासमोर उघडी जागा ठेवा. सॉकमुळे आत काही अंश ऊब राहते, म्हणून ते पूर्ण बंद करायचा मोह होतो, आणि मग आतून पांढरं भुकटीसारखं हिम धरतं. पहाटे कूस बदलली की ते सगळं मानेवर सांडतं.

शून्याच्या बरंच खाली, सलग चार-पाच रात्री बाहेर असाल तर गणित बदलतं. अंगाची वाफ क्विल्टच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचून तिथे गोठते, दिवसा वाळत नाही, आणि क्विल्ट रोज थोडी जड नि थोडी चपटी होत जाते. अशा सफरींत साधा लटकवायचा वजनकाटा जवळ ठेवावा. निघताना क्विल्टचं वजन लिहून ठेवलं की तिच्यात किती पाणी साठलं ते कळतं. तेव्हा व्हेपर बॅरिअर उपयोगी पडतो: अंगाजवळ, पातळ कपड्यावर, वाफ न सोडणारा थर, म्हणजे वाफ पिसांपर्यंत जातच नाही. चिकचिक होते, पण ऊब टिकते. तो थर नेहमी आतल्या, उबदार बाजूला हवा. चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट अंडरक्विल्टच्या बाहेरून गुंडाळणारे याच्या बरोबर उलट करतात आणि पिसं भिजवून घेतात. एक-दोन रात्रींच्या साध्या थंडीत या भानगडीत पडू नका.

बाकी सवयींच्या गोष्टी. ओले मोजे ‘अंगाच्या उबेने वाळतील’ म्हणून क्विल्टमध्ये घेऊ नका. १०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८ किलोकॅलरी लागतात. त्या तुमच्या अंगातून जाणार आणि पाणी क्विल्टमध्ये बसणार. ओला रेनकोट, बूट हॅमॉकखाली न ठेवता टार्पच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला टांगा. बंद टार्पखाली स्टोव्हवर पाणी उकळू नका. वाफ होते, आणि आग नि कार्बन मोनॉक्साइड हे धोके वेगळेच.

सकाळी उठताना घाई नको. टार्पला डोकं लागलं की रात्रभराचं पाणी एकदम क्विल्टवर येतं, म्हणून फडकं रिजलाइनवर हाताशी टांगून झोपा आणि पाय बाहेर टाकण्यापूर्वी डोक्यावरचा भाग वरून खाली पुसून घ्या. मायक्रोफायबर उत्तम, पिळलं की पुन्हा तयार. मग क्विल्ट उलटी करून उन्हात टाका, पंधरा-वीस मिनिटंही पुरतात. ऊन नसेल तर दुपारी जिथे थांबाल तिथे. टार्प पुसला तरी दमटच असतो, त्याला क्विल्टच्या पिशवीत घालू नका. जाळीच्या बाहीत गुंडाळून पाठपिशवीच्या बाहेर बांधा आणि पुढच्या मुक्कामी सगळ्यात आधी तोच ताणा. घरी आल्यावर तो पिशवीतच राहिला तर आठवडाभरात बुरशीचा वास येतो. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं कापड ओलं राहिलं की त्याचा लेपही चिकट होऊन सुटायला लागतो, आणि मग मात्र तो खरोखर गळतो.